अस्सल कशाला म्हणावे? : जुन्या घड्याळांतील बदली भागांविषयी

नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हा येथे फिलिप्स या लिलावसंस्थेच्या विक्रीत ओमेगा कंपनीचे एक 'स्पीडमास्टर' मनगटी घड्याळ पुकारले गेले. घड्याळ १९५७ सालचे, म्हणजे या मालिकेच्या अगदी पहिल्या आवृत्तीतले, असे सांगण्यात आले होते. अंदाजित किंमत ८०,००० ते १,२०,००० स्विस फ्रँक होती. प्रत्यक्षात ते ३१ लाखांहून अधिक फ्रँकांना गेले. त्याची मूळची काळी तबकडी काळाच्या ओघात सर्वत्र सारखी तपकिरी झाली होती, आणि संग्राहकांच्या जगात हा दोष न मानता अलंकार मानतात. खरेदीदार स्वतः ओमेगा कंपनी होती. आपल्या संग्रहालयासाठी तिने ते घेतले. जून २०२३ मध्ये त्याच कंपनीने जाहीर केले की, हे घड्याळ निरनिराळ्या घड्याळांतून जमवलेल्या भागांचे आहे, ते भाग बहुतांशी अस्सल ओमेगाचेच आहेत आणि या प्रकरणात कंपनीच्या काही माजी कर्मचाऱ्यांचा हात होता.

या निवेदनातील 'बहुतांशी अस्सल' हे शब्द वाचकाला अडवतात. चाके ओमेगाची, काटे ओमेगाचे, डबी ओमेगाची. मग खोटे काय होते? अशा घड्याळाला संग्राहक 'फ्रँकनवॉच' म्हणतात. (मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीत फ्रँकेनस्टाइन हे निर्मात्याचे नाव आहे, त्याने घडवलेल्या जीवाचे नव्हे, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. येथेही लोकांनी तीच गल्लत केली आहे. पण या प्रकरणात संशय निर्मात्याच्याच घरातील माणसांवर आल्यामुळे ती गल्लत नकळत सार्थ ठरली.) शेलीच्या कादंबरीतील जीवाचे अवयवही खरेच होते. खोटी होती ती त्यांची सांगड.

जुन्या घड्याळाचा कोणता भाग मूळ, कोणता बदललेला आणि त्या बदलाने घड्याळाची किंमत किती उतरते, हा प्रश्न वरकरणी छंदिष्टांचा आणि व्यापाऱ्यांचा आहे. तथापि हस्तलिखितांचे पाठभेद ज्यांनी कधी काळी ताडून पाहिले असतील, त्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. म्हणूनच तो येथे मांडण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम शब्दांचा उलगडा करणे भाग आहे. घड्याळाच्या बाजारात 'मूळ' हा शब्द निदान तीन अर्थांनी वापरला जातो, आणि विक्रेते या संदिग्धतेचा लाभ घेतात. कारखान्यातून घड्याळ बाहेर पडले तेव्हा त्यात होता तोच भाग, हा कडक अर्थ. त्याच काळी, त्याच नमुन्यासाठी, त्याच कारखान्याने बनवलेला पण दुसऱ्या घड्याळातून आणलेला भाग, हा सैल अर्थ. याला 'काळाशी जुळणारा' असे सौम्य नाव आहे. आणि कंपनीनेच पुढे वीस-तीस वर्षांनी दुरुस्तीच्या वेळी घातलेला नवा भाग, ज्याला 'सर्व्हिस पार्ट' म्हणतात, तोही 'अस्सल' म्हणून विकला जातो, कारण त्यावर कंपनीचेच नाव असते. यांच्याही पलीकडे परक्या कारखान्याने बनवलेले भाग आणि पुन्हा रंगवलेल्या तबकड्या आहेतच. एकाच नमुन्याच्या दोन घड्याळांत तबकडी मूळची आहे की नंतरची, एवढ्याच फरकाने किमतीत कित्येक पटींचे अंतर पडू शकते. यंत्रातील चाक बदललेले असले तर मात्र फारसे कोणी विचारीत नाही. चाक दिसत नाही, तबकडी दिसते. संग्राहकांना हे फारसे तर्कशुद्ध वाटत नसावे, पण ते बदलण्याची इच्छाही त्यांच्यात दिसत नाही.

मूळ आणि बदली हा भेद नेहमीच असा तीव्र होता काय? नव्हता. अठराव्या शतकातील इंग्रज किंवा फ्रेंच घड्याळ घेतले तर त्यातील चाक दुसऱ्या घड्याळात बसेलच याची खात्री नसे. प्रत्येक चाक, प्रत्येक आस त्या त्या घड्याळापुरती कातून, घासून, जुळवून बसवलेली असे. दात मोडला तर घड्याळजी तेथे नवा दात जोडी. आस झिजली तर दुसरी कातून घाली. तो जे बनवी ते त्याच घड्याळासाठी जन्मलेले असे, मूळ भाग होता तसेच. त्या काळात दुरुस्ती ही निर्मितीच्याच जातीची क्रिया होती.

याचे सर्वांत बोलके उदाहरण जॉन हॅरिसनच्या सागरी घड्याळांचे आहे. समुद्रावर रेखांश मोजता यावेत म्हणून हॅरिसनने पहिले घड्याळ १७३५ च्या सुमारास पुरे केले. रूपर्ट गूल्ड या ब्रिटिश नौदलातील अधिकाऱ्याने १९२० साली ही घड्याळे ग्रीनिच येथे पाहिली, तेव्हा ती मळलेली, गंजलेली आणि बंद पडलेली होती. गूल्डने मोबदला न घेता त्यांची दुरुस्ती हाती घेतली. तिसऱ्या घड्याळावर सात वर्षे गेली. पहिल्या घड्याळाची अवस्था सर्वांत वाईट होती. त्याच्या मुख्य कमानी नव्हत्या, गतीचे नियंत्रण करणारी यंत्रणा नव्हती, इतर अनेक भाग नाहीसे झाले होते. उरलेल्या भागांवरून आणि आपल्या अभ्यासावरून गूल्डने ते नव्याने उभे केले आणि १९३३ साली ते घड्याळ चालू झाले. आज ग्रीनिचला जाऊन जे घड्याळ चालताना आपण पाहतो, त्याची धडधड ज्यांवर अवलंबून आहे असे काही अवयव हॅरिसनचे नाहीत. तरीही ते हॅरिसनचे घड्याळ नव्हे, असे म्हणण्यास कोणी धजावत नाही. याचे कारण गूल्डच्या टिपणवह्या. कोणता भाग कोणत्या स्थितीत मिळाला, आपण काय केले, हे त्याने बारकाईने लिहून ठेवले. त्याने भर घातली, पण ती लपवली नाही.

'सुटा भाग' ही आजच्या अर्थाने कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत रूढ झाली. मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थम येथे १८५० च्या दशकात यंत्रांवर घड्याळांचे भाग तयार करण्याचा उद्योग उभा राहिला. कोणताही भाग कोणत्याही घड्याळात बसावा, हे ध्येय होते. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात वॉल्थमची स्वयंचलित यंत्रे पाहून स्विस प्रतिनिधी हादरले. त्यांपैकी जाक दाविद याने मायदेशी दिलेला अहवाल स्विस उद्योगाला खडबडून जागे करणारा ठरला. वॉल्थममध्ये प्रारंभी ही अदलाबदल पुरती साधलेली नव्हती. आसांची टोके आणि ती ज्यांत फिरतात ती रत्ने यांची मापे सूक्ष्म फरकाने वेगळी पडत. म्हणून प्रत्येक घड्याळाच्या क्रमांकापुढे ही मापे कारखान्यात नोंदवून ठेवीत. दूरच्या गावी एखादा भाग बिघडला, तर क्रमांक कळवावा आणि जुळणारा भाग मागवावा.

ही बाब मला फार अर्थपूर्ण वाटते. आज संग्राहक घड्याळाच्या यंत्रावरील क्रमांक भिंगाने वाचतो तो त्याचे जन्मपत्र म्हणून. लाँजीनसारख्या कंपनीने एकोणिसाव्या शतकापासूनच्या हस्तलिखित नोंदवह्या जपल्या आहेत. क्रमांक कळवला की ते घड्याळ कोणत्या साली, कोणाकडे रवाना झाले, हे त्यांतून शोधून दिले जाते. परंतु क्रमांकांची ही पद्धत अस्सलपणा सिद्ध करण्यासाठी जन्मलीच नव्हती. विक्रीचा हिशेब राहावा, आणि वॉल्थमच्या बाबतीत तर भाग बदलणे सोपे व्हावे, हा तिचा हेतू होता. बदलाची सोय करणारी नोंद पुढे बदल पकडण्याचे साधन झाली.

दुसरे असे की, भाग यंत्रावर एकसारखे बनू लागले तेव्हाच 'मूळ' या शब्दाला आजचा अर्थ आला. मोजमापाने, धातूने, घडणीने दोन भागांत काडीचाही फरक नसेल, तर एकाला मूळ आणि दुसऱ्याला बदली म्हणण्याचा आधार वस्तूत उरत नाही. तो तिच्या चरित्रात शोधावा लागतो. मात्र त्यानंतरही शंभर-सव्वाशे वर्षे या चरित्राची फिकीर कोणाला नव्हती. घड्याळ वेळ दाखवण्यासाठी होते. तबकडी डागाळली तर ग्राहकच नवी मागे, आणि कंपनी आनंदाने घाली. १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सेको कंपनीने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ बाजारात आणले, आणि पुढील दशकात चावीच्या घड्याळाची उपयुक्तता पार ओसरली. एप्रिल १९८९ मध्ये जिनिव्हात अँटिकोरम या संस्थेने केवळ पाटेक फिलिप कंपनीच्या घड्याळांचा मोठा लिलाव केला, तोवर जुने घड्याळ ही वेळ पाहण्याची नव्हे, वाचण्याची वस्तू झाली होती. उपयोग संपला आणि पाठचिकित्सा सुरू झाली. आपल्या ग्रंथांच्या बाबतीतही बहुधा असेच घडते. नित्य पठणातल्या पोथीची संहिता कोणी तपासत नाही.

आता ही चिकित्सा चालते कशी, ते पाहू. येथे विषय खरोखर रंजक होतो.

अंधारात दिसावे म्हणून काट्यांवर आणि अंकांवर लावलेल्या लेपाचे उदाहरण घेऊ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा लेप रेडियमचा असे. न्यू जर्सीतील ऑरेंज येथील कारखान्यात १९१७ पासून तरुण मुली कुंचल्याचे टोक ओठांनी अणकुचीदार करून तबकड्या रंगवीत. त्यांतील कित्येकींचे जबडे झडले, कित्येकी मरण पावल्या आणि १९२८ साली काही जणींच्या खटल्यात तडजोड झाली. तेव्हाच्या 'अस्सल' तबकडीवरील ते बारीक हिरवट ठिपके या हातांनी दिलेले आहेत, हे किमतीच्या चर्चेत सहसा कोणी काढत नाही. १९६० च्या दशकात रेडियमची जागा ट्रिशियमने घेतली. त्याचा अर्धायुकाल बारा वर्षांहून थोडा अधिक, तर रेडियमचा सुमारे १६०० वर्षे. रेडियमचा लेप मात्र काही दशकांतच प्रकाशणे थांबवतो, कारण किरणोत्सर्ग टिकतो पण त्याने उजळणारे रसायन जळून जाते. म्हणजे १९५० सालच्या घड्याळाचे काटे आज अंधारात लख्ख चमकत असतील, तर ते काटे किंवा निदान त्यांवरील लेप नंतरचा आहे. जुना रेडियम आंधळा झालेला असतो. पण किरणोत्सर्ग मोजणारे यंत्र जवळ नेले की अजून कडकडतो.

ट्रिशियमच्या तबकडीवर तळाशी, सहाच्या आकड्याखाली, 'स्विस' या शब्दाच्या दोन्ही बाजूंस रोमन लिपीतील 'टी' हे अक्षर छापण्याचा प्रघात होता. १९५५ सालच्या घड्याळावर ही दोन अक्षरे आढळली, तर ती तबकडी पुढे केव्हातरी बदललेली आहे, हे भिंगाच्या एका नजरेत कळते. सतराव्या शतकातील म्हणून पुढे केलेल्या पत्रात एकोणिसाव्या शतकातला शब्द सापडावा, तसेच हे आहे. याहून नाजूक पुरावा सावलीचा. घड्याळ वर्षानुवर्षे खणात बंद पडून राहिले, तर काट्यांवरील रेडियमने खालच्या तबकडीवर काट्याच्याच आकाराचा करपट डाग उमटतो. आज बसवलेले काटे त्या डागावर फिरवून ठेवले आणि आकार जुळला नाही, तर काटे परके. मूळ काटे निघून गेले, पण आपली सावली मागे ठेवून गेले. एखाद्या नष्ट झालेल्या प्रतीचे अस्तित्व दुसऱ्या प्रतीतील चुकांवरून ओळखावे, त्या जातीचा हा पुरावा आहे.

अक्षरांचेही तसेच. कारखान्यातील छपाईत अक्षराची कड भिंगाखालीही स्वच्छ असते. पुन्हा रंगवलेल्या तबकडीवर ती फुगलेली, ओघळलेली दिसते, मिनिटांच्या खुणा तासांच्या पट्ट्यांशी किंचित चुकतात. पाटेक फिलिपच्या जुन्या तबकड्यांवर नाव कोरून त्यात काळे मीनाकाम भरलेले असे. त्यामुळे तबकडी धुतली तरी अक्षर टिके. इतर कंपन्यांची छापील अक्षरे पहिल्याच धुण्यात जात आणि मग कोणीतरी ती हाताने पुन्हा काढी.

इथवर सारे सरळ आहे: पुरावा शोधावा, बदल ओळखावा, किंमत कमी करावी. पण काही प्रकरणे अशी आहेत की, त्यांत बदललेला भागच इतिहासाला अधिक प्रामाणिक असतो.

रोलेक्स कंपनीने १९५० च्या दशकाच्या मध्यास 'जीएमटी-मास्टर' हे घड्याळ काढले. पॅन अमेरिकन विमानकंपनीच्या वैमानिकांशी त्याचे नाव जोडले गेले आहे. काचेभोवतीचे फिरते कडे बेकेलाइटचे होते, त्याच्या आत अंक आणि अंकांत प्रकाशमान लेप. हे कडे तडकत असे, हा एक दोष. दुसरा दोष गंभीर होता. १९५९ च्या सुमारास त्या लेपात स्ट्राँशियम-९० हा घातक पदार्थ असल्याचे अमेरिकेत उघड झाले; अणुऊर्जा आयोगाने लक्ष घातले आणि ही कडी परत घेण्यात येऊ लागली. त्यांच्या जागी धातूची कडी आली. म्हणजे ज्या मालकाने सूचना मानली, त्याच्या घड्याळावर आज धातूचे कडे आहे. ज्याने मानली नाही, किंवा ज्याच्यापर्यंत ती पोहोचलीच नाही, त्याच्या मनगटावर बेकेलाइट राहिले. आजच्या बाजारात दुसऱ्याच्या घड्याळाची किंमत पहिल्याच्या घड्याळाहून कितीतरी अधिक आहे. धातूचे कडे हे त्या घड्याळाच्या आयुष्यातील खऱ्या घटनेचे चिन्ह आहे. त्यामागे एक सार्वजनिक भय आहे, एका शासकीय संस्थेची दखल आहे. बाजाराला ते चिन्ह नको असते. त्याला हवे आहे जन्माच्या क्षणीचे घड्याळ, ज्याला काही घडलेच नाही असे. आणि मागणी एवढी असल्यावर नकली बेकेलाइट कडी बनवणारेही निपजतातच. जीवनातून आलेला खरा भाग काढून जन्माची नक्कल बसवायची आणि तिला पुनरुद्धार म्हणायचे, हा प्रकार मला काटे बदलण्याहून अधिक अप्रामाणिक वाटतो.

रोलेक्सच्याच 'डेटोना' घड्याळाची गोष्ट वेगळ्या अंगाने हेच सांगते. १९६० च्या दशकात त्याची एक विक्षिप्त सजावटीची तबकडी निघाली. सिंगर या तबकड्यांच्या कारखान्याने ती बनवली होती आणि त्या वेळी तिला फारसे गिऱ्हाईक नव्हते. पुढे अभिनेता पॉल न्यूमन याच्या मनगटावर ती दिसली आणि तिला त्याचेच नाव चिकटले. न्यूमनचे स्वतःचे घड्याळ, ज्याच्या पाठीवर त्याच्या पत्नीने जपून गाडी चालवण्याची सूचना कोरून घेतली होती, ते २६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्क येथे १ कोटी ७७ लाख डॉलरांहून अधिक किमतीस गेले. साध्या तबकडीच्या डेटोनात न्यूमन तबकडी बसवणे हाताच्या घड्याळजीला काही मिनिटांचे काम आहे. डबी रोलेक्सची, यंत्र तेच, तबकडीही खरी, काळही जुळणारा. कोणत्याही भागाला खोटे म्हणता येत नाही. खोटे आहे ते एक न उच्चारलेले वाक्य: 'हे दोघे जन्मापासून एकत्र आहेत.'

स्पीडमास्टरच्या प्रकरणातही हेच वाक्य खोटे होते, आणि त्याला साथ दिल्याचा आरोप त्यांच्यावर आला, ज्यांच्या हाती नोंदवह्यांच्या चाव्या होत्या. वस्तूची परीक्षा भिंग करू शकते. नोंदीची परीक्षा शेवटी माणसांवरील विश्वासापाशी येऊन थांबते.

आपल्याकडे या प्रश्नाची चर्चा घड्याळांच्या कितीतरी आधी ग्रंथांच्या संदर्भात झाली आहे. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा मधल्या तीनशे वर्षांत लेखनिकांनी आणि भाविकांनी तीत बरेच बदली भाग बसवले होते. ते नाथांनी काढले. काढले त्यांचे काय झाले, हे मात्र आपल्याला कळत नाही. नाथांचा हेतू पोथी पुन्हा चालू करण्याचा होता, तिच्या दुरुस्त्यांचा इतिहास लिहिण्याचा नव्हता. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि १९६६ साली ते पुरे झाले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक होते. तेथे पद्धत निराळी होती. जो श्लोक प्रक्षिप्त ठरला तो संहितेतून निघाला, पण फेकला गेला नाही. तो तळटीपेत किंवा परिशिष्टात, कोणत्या हस्तलिखितांत आढळतो याच्या उल्लेखासह, छापला गेला. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंच्या संदर्भात जवळपास असाच नियम घालून दिला: नाहीशा झालेल्या भागाच्या जागी बसवलेला नवा भाग एकूण रचनेशी मेळ राखणारा असावा, पण मूळ भागापासून वेगळा ओळखू यावा. चांगला घड्याळजी हाच नियम कोणत्याही सनदेवाचून पाळतो. काढलेले काटे, जुनी चावी, झिजलेले चाक तो कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाच्या हाती देतो.

आता थोडे आपल्या अंगणातले. जगभरच्या संग्राहकांच्या बोलीत 'मुंबई स्पेशल' असा एक शब्दप्रयोग आहे, आणि तो कौतुकाचा नाही. पुन्हा रंगवलेली भडक तबकडी, दोन-तीन घड्याळांचे मिळून केलेले यंत्र, घासून गुळगुळीत केलेली डबी अशा घड्याळाला तो लावतात. एचएमटीच्या 'पायलट'सारख्या घड्याळांवर कारखान्याने कधी न काढलेल्या रंगांच्या तबकड्या बसवून ती जुनी आणि मूळ म्हणून परदेशी विकली गेली, ही गोष्ट खरी आहे आणि तिचे समर्थन करता येणार नाही.

परंतु या शब्दामागे दुसरा इतिहास आहे, तो संग्राहकांच्या सूचींत येत नाही. स्विस घड्याळे या शहराला नवी नव्हती. फाव्र-लूबा घराण्यातील फ्रिट्झ फाव्र १८६५ सालीच हिंदुस्थानात येऊन गेला होता आणि पुढे त्या नावाची घड्याळे येथे घरोघर पोहोचली. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले, सुटे भाग दुर्मिळ झाले. सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने एचएमटीने बंगलोरला १९६१ साली घड्याळे बनवायला घेतली (२०१६ मध्ये केंद्र सरकारने तो घड्याळ-उद्योग बंद करण्यास मान्यता दिली), तरी आधीची स्विस घड्याळे लोकांच्या हातांवर होतीच. आणि मुंबईचा पावसाळा कोणत्याही तबकडीला सोडत नाही. कंपनीची नवी तबकडी मिळण्याची आशा नाही, घड्याळ टाकून देणे परवडत नाही. अशा वेळी कोणीतरी जुनी तबकडी धुऊन, रंग देऊन, नाव पुन्हा छापून देणारा हवा होता. तो येथे निर्माण झाला. स्वित्झर्लंडमध्ये जे काम कंपनीची 'सर्व्हिस' म्हणून सन्मानाने झाले, तेच येथे पेठेतल्या टेबलावर झाले. फरक हाताच्या सफाईचा होता, हे मान्य. परंतु कंपनीने घातलेल्या नव्या तबकडीला 'सर्व्हिस डायल' आणि आमच्या कारागिराने रंगवलेल्या तबकडीला शिवीसारखे एक नाव, यांतला सगळाच फरक सफाईचा नाही.

या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. मालकाच्या सांगण्यावरून, त्याच्या डोळ्यांदेखत रंगवलेली तबकडी ही दुरुस्ती आहे. तीच तबकडी 'कारखान्याची' म्हणून परक्याला विकणे ही फसवणूक आहे. वस्तू दोन्हीकडे एकच असू शकते, आणि भिंगाला हा फरक कधीच दिसणार नाही. तरीही एक नुकसान मानावेच लागते: धुतलेल्या तबकडीखाली काय होते, ते कायमचे गेले. एकनाथांनी काढलेल्या ओव्यांसारखेच.

माझ्या वडिलांचे घड्याळ फाव्र-लूबाचे 'सी किंग' आहे. साठीच्या दशकात घेतलेले. पावसाचे पाणी शिरून तबकडीवर तांबूस ठिपके पडले, तेव्हा त्यांनी ती रंगवून घेतली. मूळची चंदेरी होती, रंगवणाऱ्याने मोतिया केली आणि वडिलांना ती अधिक आवडली. एका जाणकाराने ते हातात घेऊन क्षणभर पाहिले आणि मुंबई स्पेशल, म्हणून परत दिले. त्यांचे चुकले नाही. ज्या बाजारात ते उभे होते तेथे याला किंमत नाही.

गेल्या वर्षी त्याची चावी झिजून फिरेनाशी झाली म्हणून ते एका वृद्ध घड्याळजीकडे नेले. त्यांनी पाठ उघडली आणि भिंग माझ्याकडे सरकवले. झाकणाच्या आतल्या बाजूस सुईने कोरलेल्या, एरवी न दिसणाऱ्या पाच खुणा होत्या. दुरुस्ती करणारे आपली खूण आणि तारीख तेथे कोरून ठेवतात, असे त्यांनी सांगितले. तीन तारखा वाचता आल्या: १९७१, १९७८, १९८६. पैकी तबकडी १९७८ ची असावी, कारण त्या साली मोठा पाऊस झाल्याचे आई सांगते. चौथी नुसतीच दोन अक्षरे होती. पाचवी त्यांनाही लागली नाही. मग त्यांनी नवी चावी बसवली, सुई घेतली, उरलेल्या जागेत आपली खूण कोरली आणि जुनी चावी पुडीत बांधून माझ्या हातावर ठेवली.